मामांनी कंपनीला विसार दिला

माझं मूळ गाव परांड्याकडचं, पण तिथलं काही विचारू नका, कारण तिथून मी आयटीआयचा फिटर होऊन जो निघालो तो थेट काळेवाडीत येऊन पडलो, आणि आता इतकी वर्षं झाली की गावाकडची माणसं मला पुणेकर म्हणतात, आणि पुण्याची माणसं काय म्हणतात ते जाऊ द्या. नाव अंकुश. अंकुश म्हणजे हत्तीला ताळ्यावर आणायची वस्तू, पण काय सांगू तुम्हाला, माझ्याच्यानं आजवर एक शेळी ताळ्यावर आलेली नाही. लिहून घ्या हे, बायको हसेल वाचून.

आमच्या घरात मागायची पद्धतच नव्हती. म्हणजे असं, की ताटातली भाकरी संपली तर आम्ही भावंडं आईकडं नुसतं बघत बसायचो, तिला कळायचं, ती दुसरी टाकायची. तीच सवय घेऊन मी नोकरीला लागलो. चिखलीत एका शेठचं छोटं वर्कशॉप होतं, पत्र्याची शेड, चार प्रेस मशीन, दोन लेथ, आणि सगळ्यांच्या दुरुस्तीला मी एकटा. पगारवाढ पाहिजे असली की मी शेठकडं बघत बसायचो. शेठ म्हणायचे, काय रे अंकुश, डोळे आलेत का?

तरी मी प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा केबिनमध्ये गेलो तर शेठ जेवत होते, ये म्हणाले, बस, हा दोडका खाऊन बघ, आणि दोडका खाऊन मी बाहेर आलो तेव्हा रविवारी त्यांच्या बंगल्यावर जाऊन पाण्याची मोटर बघायचं कबूल करून आलो होतो. दुसऱ्या वेळी मी नळावर हात धुता धुता वाक्य पाठ केलं, शेठ, महागाई वाढलीय. एवढंच. गेलो आणि म्हणलं, शेठ, महागाई वाढलीय. तर शेठ टुणकन उठून बसले, म्हणाले अंकुश, माझ्या तोंडातलं बोललास, आणि मग लोखंड कितीला झालं, लाइटबिल किती येतं, पार्टी पैसे कशी थकवते, असं अर्धा तास बोलले, आणि मला त्यांची इतकी दया आली की बाहेर येऊन मीच पोरांना सांगितलं, या महिन्यात कुणी उचल मागू नका रे, शेठ अडचणीत आहे. पोरांनी माझ्याशी आठवडाभर बोलणं टाकलं. तिसऱ्या वेळी त्यांनी मला घरचा जुना मिक्सर दिला. तो अजून आहे, चालत नाही. मी फिटर असून चालत नाही.

आता रेखाचं सांगतो, म्हणजे मग मामांवर येता येईल. रेखा माझी मिसेस. तिचं माहेर चाकणच्या पुढं, खेडकडच्या एका वाडीतलं. वडील लहानपणीच गेले, तिला वाढवलं मामांनी. मामा म्हणजे बैलबाजारातले दलाल. चाकणचा शनिवारचा बाजार त्यांनी या गोष्टीपर्यंत चाळीस वर्षं एकही न चुकवता केला होता. लांबलांबचे शेतकरी बैल घ्यायला आले की आधी मामांना शोधायचे, कारण मामा बैलाभोवती एक चक्कर मारायचे, दात बघायचे, खुरावर टिचकी मारायचे, आणि असे काही दोष काढायचे की विकणाऱ्याला वाटावं, एवढा खराब बैल आपण इतके दिवस सांभाळलाच कसा. मग उपरण्याखाली हात घालायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे शेजारच्याला कळत नाही, आणि पाच मिनिटांत भाव खाली.

आमच्या लग्नाच्या बैठकीतही हेच. आमच्याकडून वडील, चुलते, गावचे दोन जाणते. तिकडून एकटे मामा. मामा म्हणाले, पोरगं चांगलं हाय म्हंता, पर नाक बघा जरा, एका अंगाला गेलंय. नोकरी कंपनीत म्हंता, पर कंपनी पत्र्याची. उंची म्हंता, तर ती बुटाची. असं करत करत माझे एकेक भाग खाली उतरवत गेले, आणि शेवटी आमचेच लोक इतके वरमले की मांडव आमचा, बँड आमचा, जेवण आमचं, असं सगळं आपणहून कबूल करून उठले. परत जाताना एसटीत वडील मला म्हणाले, अंकुश, तुझ्यात एवढे दोष आहेत हे आम्हाला खरंच माहीत नव्हतं रे.

हे लक्षात ठेवा. मी नाही ठेवलं, तिथंच माझं चुकलं.

रेखा डबे करते. काळेवाडीत आमच्या दोन खोल्या, आणि आजूबाजूला सगळी कंपनीत जाणारी एकटी पोरं, कुणी जळगावचा, कुणी बीडचा, कुणी बिहारचा. पहाटेपासून पोळ्या लाटते. मनगट सुजतं, त्याला क्रेप बँडेज गुंडाळते आणि पुन्हा लाटते. लग्न झाल्यावर मी तिला ऐटीत सांगून बसलो होतो, मी मोठ्या कंपनीत पर्मनंट झालो ना, की तुझे डबे बंद. ती काही म्हणाली नाही. ती काही म्हणाली नाही म्हणजे तिनं ते लक्षात ठेवलंय असं समजायचं.

आणि बघा, वेळ आली. आमच्या वर्कशॉपमधून एक जण चाकणला मोठ्या कंपनीत गेला होता, त्यानं फोन केला, भावा, मेंटेनन्सला माणूस पाहिजे, ऑन रोल आहे, कंत्राट नाही, ये. गेलो. त्यांनी गळणारा प्रेस सिलेंडर खोलायला लावला, खोलला, जोडला, गळायचा थांबला. चार दिवसांनी फोन आला, एचआरच्या मॅडम होत्या. म्हणाल्या, तुमचं सिलेक्शन झालंय, शनिवारी सॅलरी डिस्कशनला या.

आता या वाक्याचे दोन भाग आहेत. मी पहिलाच ऐकला. सिलेक्शन ऐकलं आणि माझ्या कानांनी दुकान बंद केलं. तसाच खाली उतरलो, पेढे घेतले, वर्कशॉपमध्ये वाटले, शेठच्या पाया पडलो. शेठनी डोळे पुसले, शाल दिली, नारळ दिला, आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. भाषण केलं, म्हणाले अंकुशनं कधी काही मागितलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आणि संध्याकाळपर्यंत माझ्या जागी शेठचा भाचा पान्हा घेऊन उभा.

घरी आलो तर रेखा पोळ्याच लाटत होती. तिनं शाल बघितली, घड्याळ बघितलं, म्हणाली पगार किती? मी म्हणलं, ते शनिवारी ठरायचंय. तिनं लाटणं खाली ठेवलं. अहो, म्हणाली, म्हणजे दावं तोडून आलात आणि खुंटा अजून ठरलाच नाही? मी म्हणलं, सिलेक्शन झालंय ना. ती म्हणाली, सिलेक्शन काय पोळीला लावून खायचं? आणि मग हळूच म्हणाली, डबे बंद होतील एवढा ठरवून या. ते जमलं नाही तर ती शाल पांघरा आणि शेठच्याच दारात बसा.

त्या रात्री मला कळलं की मी जमिनीवर नाही आणि झाडावरही नाही, मधल्या मधे लोंबकळतोय. इकडची नोकरी सोडलेली, तिकडची ठरलेली नाही, आणि ठरवायला तोंड पाहिजे. ते माझ्याकडं जेवण्यापुरतंच. ज्याला त्याला विचारलं, तर सगळे एकच सांगायचे, आकडा आपण आधी बोलायचा नाही. राव, मी आधी काय, नंतरही बोलत नाही. मग मला एकदम सुचलं. मामा! ज्या माणसानं एकट्यानं माझं अख्खं खानदान खाली बसवलं, तो माणूस घरात असताना मी कशाला घाबरू? रेखाला म्हणलं. ती म्हणाली, मामा तिथं चालतील का? मी म्हणलं, चालतील काय, पळतील.

मामांना फोन केला. मामा म्हणाले, पावनं, शनिवारी माझा बाजार असतो. पर पोरीच्या संसाराचं हाय म्हंता तर येतो.

आले. धोतर, टोपी, खांद्यावर उपरणं, हातात बाजाराची काठी. कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीवाला म्हणाला, ये कौन है? मी म्हणलं, मामा हैं. तो म्हणाला, किसके? आता ते कुणाचे हे त्याला सांगेपर्यंत मामांनी त्याच्या वहीत अंगठ्याएवढी सही ठोकूनसुद्धा टाकली होती. त्यानं मामांच्या टोपीवर पिवळं हेल्मेट चढवलं आणि गळ्यात व्हिजिटरचा पास अडकवला. मामा पास चाचपून म्हणाले, ह्ये दावं कशाला?

आत रस्ता लांब. मामा चालता चालता सगळं बघत होते. पत्रा नवा हाय. पाण्याची सोय? मी म्हणलं, कूलर आहे. चारा? मी म्हणलं, कँटीन आहे मामा, दोन वेळचं. छपराखाली जनावरं किती? मी म्हणलं, मामा, हळू बोला.

एचआरच्या केबिनमध्ये एसी इतका होता की मामांनी उपरणं कानाला गुंडाळलं. मॅडम वयानं लहान, समोर लॅपटॉप. शेजारी प्लँटचे साहेब, पोक्त माणूस, मिशीवाले. मॅडम म्हणाल्या, हे कोण? मी म्हणलं, आमच्या मिसेसचे मामा, बोलणी करायला आणलंय. बोलणी? मॅडम म्हणाल्या, अहो, यांना रिसेप्शनला बसावं लागेल. पण मामा खुर्चीवर बसले होते आणि काठी टेबलाला टेकवली होती. साहेब मिशीत हसले, म्हणाले बसू द्या मॅडम, एवढी वर्षं झाली, हे कधी बघायला मिळालं नव्हतं.

मॅडम मला म्हणाल्या, तुमचं एक्स्पेक्टेशन काय आहे? मी त्यांच्याकडं बघत बसलो. आईकडं बघायचो तसं. त्यांना काही कळेना. तेवढ्यात मामा म्हणाले, आकडा अगुदर तुमी बोला ताई. माल तुमच्या दारात आलाय, न्यायचा तुमाला हाय.

वा! काय सुरुवात केली मामांनी, माझी छाती इतकी फुगली म्हणता. साहेबांनी मॅडमकडं बघितलं, मॅडमनी लॅपटॉपकडं, आणि साहेब एक आकडा बोलले. तो आकडा मी सांगणार नाही, रेखानं बजावलंय, पण शेठच्या पगाराच्या पुढं तो चांगला टेकडीवर उभा होता. आता मामांनी फक्त एवढंच म्हणायचं होतं, की अजून थोडं चढा. बास. पण साहेबांच्या तोंडून एक वाक्य गेलं. सहज. साहेब म्हणाले, मामा, माणूस चांगला वाटतोय आम्हाला, ट्रायल चांगली दिलीय.

आणि तिथं सगळं फिरलं. चाळीस वर्षांची सवय हो. समोरचा मालाला चांगला म्हणाला, की मामांच्या अंगात वारं येतं.

चांगला? मामा म्हणाले. कसला चांगला? साहेब, घाई करू नगा. उठा पावनं, जरा चालून दावा.

आणि माझा मूर्खपणा बघा, मी उठलो! उठलो आणि एसीपासून दारापर्यंत चालून दाखवलं, दारापासून परत आलो. मामा म्हणाले, बघा उजवा पाय. गुडघा वाजतोय, थंडीत जास्त. आन् ह्ये पोट बघा, ह्ये भाताचं हाय, कामाचं न्हाई. झोपला की पत्रा हालतो घराचा. इसरभोळा एवढा की पिंपरीच्या बाजारात बायकोला इसरून भाजीची पिशवी तेवढी घिऊन घरी आलता.

हे खरं आहे, पण एकदाच झालंय.

मामा म्हणाले, मुकं जनावर हाय साहेब. मुकं बरं असतं, पर दुखलं-खुपलं कळत न्हाई. मी टेबलाखालून मामांच्या पायाला हळूच पाय लावला, म्हणजे थांबा आता. मामांनी खाली बघितलं आणि म्हणाले, ह्ये बघा, लाथ बी मारतो.

साहेबांनी रुमाल तोंडाला लावला. खांदे हलत होते त्यांचे. म्हणाले, मग मामा, आम्ही भाव जरा कमी करावा म्हणता? मामा म्हणाले, करायलाच पायजे! आणि खांद्यावरचं उपरणं काढून हातावर टाकलं आणि पुढं केलं, ते आधी मॅडमपुढं. मला वाटलं आता गेटवरचा सिक्युरिटीवाला आत येतो. पण साहेबांनी पटकन स्वतःचा हात उपरण्याखाली घातला. मामांनी बोटं दाबली. साहेब म्हणाले, मामा, मला ही भाषा येत नाही. मग मामा मोठ्यानं बोलले. तो आकडा टेकडीवरून उतरून थेट चिखलीत शेठच्या शेडमागं जाऊन बसला होता. साहेब हसता हसता हो म्हणाले. मामांनी टाळी दिली, झाला सौदा म्हणाले, आणि धोतराची कनवटी चाचपून एक नोट काढली आणि मॅडमच्या हातावर ठेवली. धरा ताई, विसार.

आता विसार म्हणजे काय ते तुम्हाला माहीत असेल नसेल. सौदा पक्का झाला म्हणून घेणारा विकणाऱ्याच्या हातावर आगाऊ नोट ठेवतो, तो विसार. म्हणजे मला कामाला ठेवल्याबद्दल आमच्या मामांनी कंपनीला पैसे दिले. चाकणच्या इतिहासात असं झालं नसेल.

साहेबांचा फोन वाजला, लाइन बंद पडली होती, ते तसेच हसत उठले, मॅडम बघून घ्या म्हणाले आणि गेले. मॅडम नोटेकडं बघत म्हणाल्या, मी हे कशात दाखवू? मग म्हणाल्या, बरं, लेटर मेल करते. आम्ही बाहेर.

गेटासमोर चहाची टपरी आहे. मागून कांद्याचे ट्रक, पुढून गाड्या लादलेले कंटेनर, धुरळा, हॉर्न. मामा एकदम खुशीत. भजी सांगितली. मला म्हणाले, पावनं, बघितलं का कसा पाडला?

मी म्हणलं, मामा, पाडला तो मीच.

मामांचा भजी घेतलेला हात तोंडापाशी गेला आणि तिथंच राहिला. मग तो हळूहळू खाली आला. आरं तिच्या, मामा म्हणाले, आपुन इकणाऱ्याच्या अंगानं व्हतो व्हय?

मामांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. म्हणाले, शनवार हाय, बाजाराचा वार, तोंडाला सवय. त्यो चांगला म्हणला आन् माझा मीच ऱ्हायलो न्हाई. खरं सांगतो, त्यांचा चेहरा इतका पडला की शेठची आली तशी मला त्यांचीही दया यायला लागली, पण मग मला रेखाचं ते बँडेजवालं मनगट दिसलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसावर आवाज चढवला. म्हणलं, मामा, लग्नातही तुम्ही हेच केलं. माझ्यात तुम्हाला चांगलं असं कधी काही दिसलंच नाही का?

मामांनी भज्यांची बशी बाजूला सारली. म्हणाले, पावनं, येडे का काय तुमी? अवो, जो बैल नको असतो त्याची दलाल तारीफ करतो. लई झ्याक जनावर, म्हनायचं, पाठीवर थाप मारायची आन् म्होरं जायचं. दात कुनाचे मोजायचे? जो घ्यायचाच हाय त्याचे. रेखीला सहा स्थळं आली व्हती. पाचांची मी तोंड भरून तारीफ केली.

आणि भजी खायला लागले.

कढत चहा तसाच घशाखाली गेला. एवढी वर्षं मी आपलं वाकडं नाक आरशात बघत होतो हो.

तेवढ्यात गेटवरून हाक आली, ओ मामाजी! सिक्युरिटीवाला हात हलवत होता. मॅडम बुला रही है, पैसा वापस ले जाओ. कंपनीला कुणाची नोट ठेवून घेता येत नाही म्हणे. मामांचे डोळे चमकले. बघा, म्हणाले, हाक आली. बाजारात हाक आली की सौदा मोडलेला नसतो. जावा. मी म्हणलं, तुम्ही चला ना. नगं, मामा म्हणाले, मी आलो तर तुमाला फुकट दिऊन यीन.

गेलो एकटाच. परत पास, परत हेल्मेट, परत तो लांब रस्ता. केबिनमध्ये मॅडम एकट्या. त्यांनी नोट पुढं केली. मी घेतली. त्या म्हणाल्या, आता तुम्ही बोला. मघापासून तुमच्या तोंडून एक शब्द ऐकला नाही मी. मेल अजून पाठवलेला नाही.

मी बघत बसलो. त्याही बघत बसल्या. काय सांगू तुम्हाला, आई असती तर एव्हाना भाकरी पडली असती ताटात. शेवटी तोंड उघडलं तर आतून पाठ केलेलं तेच बाहेर आलं, म्हणलं, मॅडम, महागाई वाढलीय. त्या म्हणाल्या, हो. एवढंच. शेठसारखं पुढं काही बोलल्याच नाहीत! हो म्हणून गप्प. मग मलाच पुढं जावं लागलं. म्हणलं, मॅडम, माझी बायको डबे करते, तिचं मनगट सुजतं, ते डबे बंद होतील एवढा पगार पाहिजे.

बोललो. बोललो हो मी! बोलून झाल्यावर माझीच मला भीती वाटली.

मॅडमनी लॅपटॉप जवळ ओढला. किती डबे? मी सांगितलं. एका डब्यामागं काय राहतं? ते मला माहीत नव्हतं, मी रेखाला फोन लावला, ती म्हणाली कशाला पाहिजे, मी म्हणलं पगार ठरतोय, ती म्हणाली मामा कुठायत, मी म्हणलं भजी खातायत, मग तिनं सांगितलं. मॅडमनी हिशेब केला. मान हलवली. म्हणाल्या, सगळे नाही बसत, तुमच्या ग्रेडला मर्यादा आहे. मघाशी साहेब पहिल्यांदा जे बोलले ते मी देऊ शकते. त्यात निम्मे डबे बंद होतात.

मी म्हणलं, आणि तो गुडघा? त्या म्हणाल्या, गुडघ्याचं मी काही ऐकलं नाही. मेडिकलला काय दिसेल ते दिसेल.

मग मला काय झालं कुणास ठाऊक. मी म्हणलं, निम्म्यावर अजून दोन डबे बघा ना मॅडम. त्या म्हणाल्या, एक. मी म्हणलं, दोन. त्या म्हणाल्या, एक, आणि काळेवाडी फाट्याची बस. मी म्हणलं, झाला सौदा, आणि टाळी द्यायला हात वर केला, पण वेळेवर आवरला आणि त्याच हातानं नमस्कार केला. तर अशी माझ्या आयुष्यातली पहिली घासाघीस. मिळकत, एक डबा.

बाहेर येऊन मामांना नोट परत द्यायला लागलो. घेईनात. म्हणाले, विसार माघारी घ्येतला की सौदा मोडतो.

घरी येऊन रेखाला सांगितलं, निम्मे आणि एक. मला वाटलं आता शाल पुढं येते. पण ती विचार करत बसली. म्हणाली, बंद कुणाचे करायचे? मी म्हणलं, त्यात काय विचारायचं, तो जळगावचा रोज भरताला तेल कमी म्हणतो, तो बीडचा पोळी जाड म्हणतो, या कटकट्यांना आधी काढ. आणि ते गोड बोलणारे ठेव, वहिनी एक नंबर म्हणणारे. रेखा हसली. म्हणाली, तुम्हाला काही कळत नाही. एक नंबर म्हणणारे नाक्यावर नवीन मेस निघाली की जाणार आहेत. नावं ठेवतो तो जेवायला राहतो. आणि तिनं सगळे गोडबोले काढले. जळगाववाला अजून आहे. तेल अजून कमीच आहे.

मी आपला मामांची भाची बघत बसलो.

आता झाली या गोष्टीला काही वर्षं. मी पर्मनंट आहे, गुरुवारी सुट्टी असते, बस फाट्यावर सोडते. गुडघा वाजतो. पगारवाढीच्या वेळी साहेब विचारतात, काय अंकुश, मामांना बोलावू का? मी म्हणतो, नको साहेब, मीच बोलतो. आणि बोलतो, एकेक डबा करत. आता चार-पाचच उरलेत, तेही रेखा बंद करत नाही. म्हणते, मग मला नावं कोण ठेवणार, तुम्हाला तर बोलता येत नाही. मामा थकलेत. ट्रॅक्टर आल्यापासून बाजारही पूर्वीसारखा भरत नाही, पण शनिवारी काठी घेऊन एक चक्कर मारूनच येतात. फोनवर मला विचारतात, पोट कमी झालं का? मी म्हणतो, नाही. बरं म्हणतात. त्यांची ती नोट शेठच्या घड्याळामागं खोचून ठेवलीय. घड्याळ बंद पडलंय. मी फिटर असून बंद आहे.

थांबा, रेखा हाक मारतेय. ऐका, काय म्हणते ती, अहो, पाहुण्यांना चहा दिला का, नुसते बोलत बसलात, गिझर चालूच ठेवलाय, टॉवेल परत पलंगावर. ऐकताय ना? हे असं दिवसभर. चालू आहे तोवर मला काळजी नाही. मागं तापानं पडलो होतो तेव्हा उशाशी बसून म्हणाली, तुम्ही फार चांगले आहात हो. मी ताडकन उठून बसलो. डॉक्टर म्हणाले, ताप उतरला कसा? आता त्यांना काय सांगू.

तुमचंही भलं होवो. तुमचे दात मोजणारं माणूस तुमच्या घरात कायम राहो. लिहून झालं असेल तर घ्या, चहा घ्या. साखर कमी असेल. तसं तिला सांगा, बरं वाटेल तिला.